एक काना

आक्कानं छिन्नी ‘प’च्या उजव्या अंगाला टेकवली आणि हातोडी घातली. दगडाची कपची उडून गालाला लागली. तिनं गाल पुसला नाही.

“मावशी, उतरा खाली,” परांचीखालून पाथरवट म्हणाला. “चारला कार्यक्रम आहे. भाऊसाहेब माझं कातडं सोलतील.”

“तुझ्या अंगावर आहे कुठं सोलण्याएवढं?”

“आणि तिथं जागा नाही. ‘प’ आणि ‘ड’ चिकटून आहेत.”

“मग ‘ड’ला म्हणावं, जरा सरकून बस.”

पाण्याच्या टाकीच्या भिंतीत, दोन पुरुष उंचीवर, नवा दगड बसवला होता. या उपनगराचा इतिहास भाऊसाहेबांनी लिहिला, पाथरवटानं कोरला. शेवटी दोन ओळी होत्या: ‘ही टाकी वस्तीने स्वतःच्या हातांनी बांधली. तिचा गवंडी याच टाकीवरून पडला.’ तो गवंडी आक्काचा नवरा.

“एका रेघेनं काय होतंय?” पाथरवटानं विचारलं.

“रेघ धरून वाच.”

त्यानं ओठ हलवत वाचलं. ‘याच टाकीवरून पाडला.’ मग त्यानं मागे वळून रस्ता पाहिला. परांचीचा खांब त्यानं दोन्ही हातांनी धरला.

आक्काला लिहिता येत होतं ते एवढंच. शाळेत बाई कान्यापर्यंत पोचल्या त्याच आठवड्यात तिला भाऊ झाला आणि त्याला कडेवर घ्यायला तिला घरी बसवलं. वेलांटी-उकार तिनं पुढं दुकानांच्या पाट्यांवरून उचलले, वाचण्यापुरते. काना तेवढा हातात राहिला.

चाळीस वर्षांपूर्वी इथं वीटभट्ट्या होत्या आणि मध्ये दोन आळ्या. शहराचं पाणी वेशीपर्यंत यायचं, पुढं यायला त्याला लाज वाटायची. म्हणून लोकांनी दोन वर्षं विटा वाहून टाकी उभी केली. पाणी चढलं त्या सकाळी आधी वरची आळी की खालची, यावरून जुंपली. ज्यांनी एका घमेल्यात माल कालवला होता त्यांनीच फावडी उचलली. कुंभाराचा जबडा नळाच्या तुकड्यानं फुटला. शिंपिणीचा कान अर्धा लोंबत होता आणि ती तो हातानं दाबून शिव्या देत होती. वर, टाकीच्या कठड्यावर, गवंडी चावीचं चाक धरून उभा होता. आधी खालची आळी, म्हणाला. तिथं म्हाताऱ्या जास्त.

आक्का बादली घेऊन खालीच होती. तिचा भाऊ वरच्या आळीतला. तिनं त्याला मागच्या शिडीनं चढताना पाहिलं. समजूत घालायला चाललाय, असं तिला वाटलं. त्यानं दोन्ही तळवे नवऱ्याच्या पाठीला लावले. नवरा तिच्या बादलीवर आला. बादली चेपली आणि त्याचं डोकंही.

जमादार जबानी घ्यायला आला तेव्हा आईनं आक्काचं मनगट धरलं. “एक गेलाच. दुसरा तरी राहू दे.” आक्का म्हणाली, पडला. जमादारानं लिहिलं, तिनं अंगठा दिला. भाऊ पुढं भाऊसाहेब झाला. वाचनालय, बाग, स्मशानातला बाकसुद्धा त्याच्या नावाचा. आई गेल्या महिन्यात गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन. मनगट सुटलं.

काना निम्मा उतरला होता तेव्हा मोटार थांबली.

“आक्का,” भाऊसाहेब खालून शांतपणे म्हणाले. “लोक यायचेत. शोभतं का या वयात?”

“तुझं वय काढलं का मी? बस तिकडं, बारक्या. चहा घे.”

बारक्या म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी पाथरवटाला बाजूला ढकललं आणि शिडी चढले. धापा टाकत त्यांनी दगड पाहिला. ती अर्धी रेघ त्यांना एका नजरेत वाचता आली.

“दे ती छिन्नी.”

“घे की.”

त्यांनी तिचं मनगट पिरगळलं. आक्कानं हातोडी त्यांच्या बोटांवर घातली. नख फुटलं. त्यांनी तिच्या तोंडात मारली, मग तिचा अंबाडा धरून डोकं दगडावर आपटलं. इतिहासाच्या पहिल्या ओळीला रक्त लागलं. ती त्यांच्या हाताला चावली आणि सोडेना.

“तेव्हा मागून आलास,” ती रक्त थुंकत म्हणाली. “आज तोंड तरी बघितलंस.”

त्यांनी दोन्ही तळवे तिच्या छातीला लावले.

दवाखान्यात भाऊसाहेबांनीच आणलं. पाथरवटानं तिला पायांकडून धरलं होतं. उजवा हात कोपरातून उलटा झाला होता, एक डोळा मिटला होता.

नर्सबाईंनी कागद ओढला. “काय झालं आजींना?”

“पडली,” भाऊसाहेब म्हणाले. हाताला रुमाल गुंडाळलेला होता. “परांचीवर चढली होती. म्हातारपण, ऐकत नाही.”

नर्सबाईंनी पाथरवटाकडे पाहिलं. तो आपल्या नखांतली दगडाची पूड काढत राहिला.

“तुम्ही सांगा आजी. पडलात ना?”

“काय लिहिलंत ते दाखवा.”

कागद तिच्यापुढं धरला. उघड्या डोळ्यानं तिनं एकेक अक्षर लावलं. परांचीवरून पडून दुखापत.

“पेन द्या. शुद्धलेखन चुकलंय.”

“आक्का,” भाऊसाहेब म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता, कडेवर होता तेव्हासारखा. “आई काय म्हणाली होती?”

“आई होती तोवर ऐकलं.”

तिनं डाव्या हातानं ‘पडून’मधल्या ‘प’च्या पुढं एक रेघ ओढली. वाकडी आली, खालच्या ओळीत घुसली. पण वाचता येत होती. नर्सबाईंनी वाचलं, मग त्या रुमालाकडे पाहिलं. रुमालातून दातांच्या खुणा लाल उमटल्या होत्या. त्यांनी फोन जवळ ओढला.

पाथरवट उठला.

“तू कुठं निघालास?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“टाकीवर,” तो म्हणाला. “काम अर्धं सोडून आलोय.”