हळदी रंगाचा पांगुळगाडा

सोलापूरचं ऊन माध्यान्ही रंग पिऊन टाकतं. कडुनिंबाचा हिरवा, कौलांचा तांबडा, दोरीवर वाळणाऱ्या चादरींचा निळा-जांभळा, सारे रंग त्या सूर्यदग्ध प्रहरी एका पांढुरक्या झळाळीत विरून जातात. गल्ली मग अशी दिसते, जणू कुणी ती उकळत्या पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा पिळली आहे.

अशाच एका रंग विटलेल्या दुपारी वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "मिथिला, घासायचं ते खाली अंगणात नेऊन घास गं. रांगतं लेकरू आहे घरात."

मिथिला हसली होती. वन्सं, म्हणजे तिच्या नवऱ्याची, निरंजनची थोरली बहीण. चहात साखर कमी पडली तरी बोलणार, जास्त झाली तरी बोलणार. त्यांनाही भीती होती ती फक्त ठसक्याची, धुळीनं पोरीला खोकला लागेल एवढीच. "वन्सं, रंगाला काय दात असतात?" असं म्हणून मिथिलानं काचपेपर पुन्हा लाकडावर फिरवला. खर्र खर्र, खर्र खर्र. आणि दाराच्या फटीतून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात सोन्याची धूळ उडू लागली.

सुंदर दिसत होतं ते. हे आधी सांगायला हवं. फार सुंदर दिसत होतं.

त्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या तेव्हा राखेच्या होत्या. राखेच्या भिंती, राखेची फरशी, खिडकीसमोर बंद गिरणीची राखेच्या रंगाची भिंत. बाळंतपण आटपून मिथिला माहेराहून परतली ती या राखेत. कुशीत वेणू, पापण्यांवर जागरण, आणि दिवसभर तोच धूसर, निःशब्द, निर्विकार उजेड. तिला वाटायचं, आपणही कणाकणानं राखच होत चाललो आहोत. कधीतरी कुणी दार उघडेल आणि वाऱ्यानं उडून जाऊ.

कुठल्याशा मासिकात तिनं वाचलं, बाळाभोवती रंग असावेत. रंगांनी बाळाच्या मेंदूत वाटा फुटतात, शब्द लवकर येतात, बुद्धी उमलते. ते वाक्य तिच्या मनात पणतीसारखं तेवत राहिलं. निरंजनचा पगार टॉवेलच्या कारखान्यातला, धुतल्यावर आटणारा. नवं काही घ्यायचं तर मनातच घ्यायचं. पण जुन्या बाजारात रंग स्वस्त होता. लोकांनी टाकलेला, पाडलेल्या घरांतून निघालेला, पावसात भिजलेला, तरी अजून विझला नव्हता असा रंग.

आणि मग मिथिला रंगवेडी झाली.

मोरपिशी निळं कपाट आलं, एका दाराचं. फुलं रंगवलेल्या जुन्या ट्रंका आल्या. कुणाच्या तरी माजघराचं हिरवं दार आलं, ते आडवं होऊन पलंगाच्या उशाशी बसलं. मोडीत निघालेल्या मागांचे धोटे आले, रंगीत सूत गुंडाळून छताला टांगले गेले, वारा आला की एकमेकांवर आपटून ठक ठक बोलायचे. फुटक्या तावदानातली एक लाल काच आली. ती खिडकीत बसली आणि संध्याकाळी वेणूच्या गालावर डाळिंब फुटायचं. आईच्या जुन्या इरकली लुगड्यांचे पडदे झाले. भंगारवाला म्हणायचा, "ताई, लोक माझ्याकडे घर टाकायला येतात. तुम्ही घर उचलायला येता."

निरंजन कामावरून यायचा, केसांत कापसाची पांढरी लव, आणि उंबऱ्यावरच थबकायचा. "चुकून दुसऱ्याच्या घरात आलो वाटतं. बाई, इथे एक राखाडी खोली होती, ती बघितली का?" मिथिला हसायची. वेणू हसायची. रंग हसायचे. राखेतून एक घर, पिसं झटकत, उभं राहिलं होतं.

मग एके दिवशी ढिगाऱ्याखाली तिला तो दिसला.

पांगुळगाडा. तीन लाकडी चाकं, धरायला आडवा दांडा. ढकलत ढकलत पोर पाऊल टाकायला शिकतं तो. दांड्याच्या मधोमध कुणा हौशी हातानं रंगवलेला लाल राघू, आणि बाकी सगळा पिवळा. मांडवातल्या हळदीचा पिवळा, झेंडूच्या राशीचा पिवळा, पाडाला आलेल्या आंब्याचा पिवळा. असा पिवळा आता मिळत नाही, असं तिला वाटलं. ते खरंच होतं.

सुटलेले पोपडे तिनं घरातच बसून खरवडले. वन्सं बोलल्या ती हीच दुपार. उरलेल्या रंगावर तिनं दुसरा रंग चढवला नाही. तिचं मनच होईना. तेलाचा बोळा फिरवला, आणि तो पीतवर्ण पुन्हा जिवंत झाला, ओला, तुकतुकीत, लोभस.

मिथिला बेसावध नव्हती. बेसावध आई नव्हतीच ती. पाणी उकळून गार करायची, फळं मिठाच्या पाण्यात धुवायची, सुईदोरा उंच फळीवर ठेवायची. वेणूचा श्वास ऐकायला झोपेतून उठायची. जगातल्या प्रत्येक धारेकडे, प्रत्येक टोकाकडे, प्रत्येक डासाकडे तिचा पहारा होता. फक्त रंगाकडे पहारा नव्हता, कारण रंग तिनंच बोलावला होता.

वेणूला दात येत होते. गाडा ढकलण्याआधी ती त्याचा दांडा चावायची. दोन्ही इवल्या मुठींत धरून, डोळे मिटून, लाळ गाळत, चघळत राहायची, जणू कुणी उसाचं कांडं दिलं आहे. मिथिला ते बघून निरंजनला हाक मारायची, "अहो, बघा तरी, राघूला खातेय." तो जुना रंग चवीला गोड लागतो. हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

गोड. ते मरण गोड होतं, हळद लावून आलेलं होतं.

वेणू चालू लागली. दांडा सोडून, हात पसरून, आईच्या पदरापर्यंत एकटी आली, आणि त्या आनंदात मिथिलाला माहेरची रीत आठवली. तिकडे पांगुळगाडा विकत नाहीत, माळ्यावरही टाकत नाहीत. पोर चालू लागलं की चाकांना हळदकुंकू लावायचं, वर गुळाचा खडा ठेवायचा, आणि वाटेत भेटेल त्या रांगत्या लेकराला देऊन टाकायचा. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. विचारलं तर आपल्या पोराची पावलं त्या वाटेनं मागे फिरतात, असं म्हणतात. देणाऱ्यानं घेणाऱ्याला एवढंच सांगायचं: तुझं चालायला लागलं की तूही असाच पुढे दे.

लसीकरणाच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर एक बाई बसली होती. अंगभर डांबराचा वास, कडेवर गुबगुबीत मुलगा. मिथिलानं गाडा तिच्यापुढे ठेवला, रीत सांगितली, गूळ त्या मुलाच्या तोंडात घातला. बाईनं गाडा डोक्यावर घेतला आणि ती गेली. पांढऱ्याफेक उन्हात तो पिवळा ठिपका कितीतरी वेळ दिसत राहिला. मिथिलानं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. रीत पाळली याचं समाधान घेऊन ती घरी आली.

नंतर वेणू विटू लागली.

आधी गाल विटले, मग भूक विटली. पोट धरून रडायची आणि रडण्याचं कारण कुणाला सापडायचं नाही. वन्सं म्हणाल्या, नजर लागली, मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेजारची म्हणाली, दातांचं असेल. मिथिला फक्त मोजत होती, हरवणारे शब्द. काऊ म्हणायची वेणू, ते गेलं. भुर्र गेलं. पाणी मागायला "पापा" म्हणायची, ते गेलं. शब्द एकेक करून तारेवरच्या पाखरांसारखे उडाले, आणि शेवटी "आई" उरलं. मग एका सकाळी तेही तिनं ओठांवर आणलं नाही. लाल काचेचं डाळिंब गालावर पडलेलं असताना ती नुसती बघत राहिली, आईच्या आरपार, दूर कुठेतरी.

रक्त तपासायला पुण्याला गेलं. बालरोगाचे डॉक्टर वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "घरात जुना ऑइलपेंट लावलेलं काही आहे का? बाळ तोंडात घालतं असं?"

मिथिलाच्या घरात जुना रंग नसलेलं काय होतं?

"रक्तात शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "पूर्वीच्या रंगांत घालायचे. पिवळ्यात, लालमध्ये जास्त."

शिसं. तिला ते माहीत होतं. कॉलेजात मूलद्रव्यांचा तक्ता तिनं झोपेतही म्हणता येईल असा पाठ केला होता. शिसं जड असतं, मऊ असतं, राखाडी असतं. राखाडी! म्हणजे त्या सगळ्या हळदीच्या, झेंडूच्या, आंब्याच्या पिवळ्याच्या पोटात ती राखच लपून बसली होती. रंग पांघरून तीच राख घरात आली, आणि घर सोडून मुलीत जाऊन बसली.

औषधं सुरू झाली. शिसं शरीरातून हळूहळू उतरतं, डॉक्टरांनी सांगितलं. गेलेले शब्द येतील का, असं निरंजननं विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काही येतील. सगळे येतील असं मी तुम्हाला म्हणणार नाही."

घर उतरवलं गेलं. कपाट गेलं, दार गेलं, ट्रंका गेल्या. भंगारवाल्याला ते परत देता येईना. मग ते दुसऱ्या कुणाच्या घरात उमललं असतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून निरंजननं सगळं वाहून नेलं. फरशीच्या सांध्यांतून पिवळी रेघ निघाली, ओल्या फडक्यानं मिथिलानं ती टिपली, पुन्हा टिपली, हातमोजे घालून टिपली. वन्सं शेजारी बसून बादली बदलत होत्या. "मी बोलले होते" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ते त्यांचं न बोलणं मिथिलाला सगळ्यात जड झालं.

आणि तेव्हाच, फडकं पिळता पिळता, तिला तो आठवला. उन्हात लांब जाणारा पिवळा ठिपका. डोक्यावर गाडा, कडेवर गुबगुबीत मूल.

मग तिचं चालणं सुरू झालं. वेणूला वन्संकडे सोपवून ती दवाखान्याच्या पायरीवर बसायची, डांबराचा वास शोधत. नव्या रस्त्यांच्या कडेनं हिंडायची, जिथे जिथे खडी पसरलेली तिथे तिथे थांबायची, प्रत्येक पालाच्या दारात डोकवायची. लोकांना वाटायचं, हिचं काही हरवलंय. विचारलं तर ती म्हणायची, हो.

अक्कलकोटच्या रस्त्याला, बाभळीच्या विरळ सावलीत, ती बाई सापडली. कस्तुरा तिचं नाव. पायाशी मूल बसलेलं. गुबगुबीतपणा ओसरलेला, कानाच्या पाळ्या कागदासारख्या पांढुरक्या. मिथिला मातीतच खाली बसली. जे सांगायचं ते तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, मधे मधे थांबत. कस्तुरा ऐकत राहिली. मग तिनं पोराला ओढून मांडीवर घेतलं, त्याचं तोंड उघडून आत बघितलं, जणू तो रंग अजून जिभेवर दिसेल.

"गाडा कुठंय?" मिथिलानं विचारलं.

"दिला की. चालाय लागला ना ह्यो." कस्तुरानं रस्त्याकडे हात केला. "एक बाई लेकरू घिऊन उसाच्या ट्रॅक्टरची वाट बघत हुती. तिला दिला. हळदकुकू लावून दिला, गूळ ठिवून."

"कुठली होती? नाव काय तिचं?"

कस्तुरानं मिथिलाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमीच म्हनला हुता ना ताई," ती म्हणाली, "इचारायचं नसतंय म्हनून."

वरून ऊन कोसळत होतं. रस्ता काळा, माळ पांढरा, मधे कुठेच कसला रंग नव्हता. कस्तुराच्या मुलाला घेऊन त्या दोघी डॉक्टरांकडे गेल्या. त्याच्याही रक्तात राख निघाली, वेणूपेक्षा थोडी कमी. आता दोन्ही पोरांची औषधं मिथिलाच्या एकाच फळीवर असतात. वेणू परवा खिडकीतल्या चिमणीकडे बोट करून काहीतरी म्हणाली. तो शब्द नव्हता. पण आवाज होता.

आणि तो गाडा चाललाच आहे. कुठल्या तळावर, कुठल्या वस्तीत, कुणाच्या सारवलेल्या अंगणात, तीन चाकं कुरकुरत, हळद मिरवत, गूळ मिरवत, हातातून हातात, पोरातून पोरात, नाव नसलेल्या वाटेनं नाव नसलेल्या गावाला.

तुमच्या शेजारी एखादं लेकरू असेल. नुकतं उभं राहू लागलेलं, पिवळ्या दांड्याला धरून, लाल राघूला चावत. त्याची आई कौतुकानं बघत असेल. हसून कुणाला तरी हाक मारत असेल. मिथिला तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. तुम्ही पोचू शकता. एवढं वाचून झालं की उठा. चप्पल घाला. त्या घरी जा, नाव विचारा, गाव विचारा, आणि त्या बाळाला उजेडात घेऊन एकदा नीट बघा. गाल बघा. कानाच्या पाळ्या बघा. ते तुम्हाला बघून काही बोलतं का, ते ऐका.