सही धुऊन गेलेले वेदीवस्त्र

मित्रांनो, मी एक जुने वेदीवस्त्र आहे. सातासमुद्रापार ल्यूकन गावच्या कम्युनिटी हॉलमधल्या प्रेसमध्ये राहते. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात. दिसायला मी लिननचे साधे, मेणाचे डाग पडलेले कापड. पण माझा मान मोठा! मला वेदीवर पसरल्याशिवाय ऑर्थोडॉक्स पाद्रीला भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याची उपासना करताच येत नाही.

तीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बिशपने माझ्यावर शाईने लिहिले, ‘इथल्या भाविकांची ही मंडळी आजपासून स्वतंत्र चर्च आहे.’ खाली सही केली. मोठ्या चर्चसंस्थांनी ते कधीच मानले नाही. स्वातंत्र्य दिले कुणी, म्हणे! पुढे बिशप वारले, कागदपत्रे तळघरात पाणी शिरून कुजली. पुरावा म्हणून उरले ते एकटे मीच.

आमचे पाद्री फादर डोनल यांनी मला जिवापाड जपले. मला पाणी लावायचे नसते, हा आमचा नियम. त्यांची एकच इच्छा होती : आपण लावलेली लग्ने, दिलेले बाप्तिस्मे आपले डोळे मिटायच्या आत कुणीतरी खरे मानावेत. आणि गेल्या सप्टेंबरात पत्र आले, रविवारी मोठ्या चर्चचा प्रतिनिधी माझ्यावरची सही तपासायला येणार, पटली तर मान्यता! मी तर हुरळूनच गेले.

आमची उपासना होते त्याच हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती बसतो. शनिवारी गिरिजाताई प्रेस आवरायला आल्या. पुण्याच्या, हाताने झटपट आणि मनाने निर्मळ बाई. मला बघून हळहळल्या. “अरे देवा, देवाचं वस्त्र आणि इतकं मळकट?” सणाआधी देवघरातले वस्त्र धुवायची त्यांची रीत. कोमट पाणी, डागांची पावडर, मग रेडिएटरवर वाळत. किती प्रेमाने चोळले हो मला! शाई पाण्यात उतरताना मी ओरडू शकले नाही.

रविवारी सकाळी फादरनी माझी घडी उघडली आणि खुर्चीत बसून राहिले. गणपतीसाठी हार घेऊन आलेल्या गिरिजाताईंना त्यांच्याकडून सगळे कळले. “करायला गेले गणपती नि झाला मारुती,” असे पुटपुटत त्या रडू लागल्या.

मंडळीतल्या ब्रीजआजी दबक्या आवाजात म्हणाल्या, “फादर, बिशपचं अक्षर तुम्हाला पाठ आहे. लिहून टाका. कुणाला कळतंय?”

फादरनी पेन उघडले. माझ्यावर टेकवलेही. मग टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले.

प्रतिनिधीने मला उजेडात धरले. “यावर तर काहीच नाही. हे धुतलं कुणी?”

गिरिजाताई पुढे आल्या. “मी धुतलं.”

“तुम्ही कोण?”

त्यांच्याआधी फादरच बोलले, “आमच्या घरचं माणूस आहे. तिने प्रेमाने धुतलंय. तुम्हाला लिहायचं ते लिहा.”

त्याने लिहिले, ‘पुरावा नाही.’ फादरची तीस वर्षे दोन शब्दांत संपली. सहीशिवाय आता मला वेदीवर जागा नाही; भाकर-द्राक्षरसाची उपासना बंद झाली, इथे नुसती प्रार्थना होते.

मित्रांनो, दुसऱ्याच्या पवित्र वस्तूला हात लावण्याआधी एकदा विचारा. माया असली तरी विचारा. माझ्यावरचे स्वातंत्र्य गेले, याचे दुःख मला रोज होते. पण ज्या फादरना कुठल्या चर्चने आपले म्हटले नाही, त्यांनी त्या दिवशी गिरिजाताईंना आपले म्हटले. त्यासाठी त्यांना कुणाची सही लागली नाही.