पाखरू आपलं नाव सांगतं

मित्रांनो, माझ्या छपराची एक फळी निखळली आहे आणि रंग तर कधीच उडाला. मी पाखरांना दाणे घालायचं जुनं लाकडी घरकुल आहे. जर्मनीतल्या एका खेड्यात युरी नावाच्या सुताराने मला बनवलं. तो आणि त्याची बायको हांका सोर्ब होते, म्हणजे जर्मनीतच पिढ्यान्‌पिढ्या राहणारे स्लाव्ह लोक. युरी गेल्यावर हांकाआजी मला घेऊन ड्रेस्डेनला आली. तिची भाषा बोलणारं तिथे शेजारीपाजारी कुणी नव्हतं.

शेजारी पुण्याचे जयंत आणि शोभना राहत. ती दोघं कामावर गेली की त्यांची लेक, छोटी मुक्ता, हांकाआजीकडे यायची. २००५ च्या हिवाळ्यात मुक्ताचे आजोबा नातीच्या ओढीने आले. पण मुक्ताला मराठी नुसती समजे; बोलायची ती जर्मन. आजोबांना जर्मनचा गंध नाही. बिचारे मुक्ताबरोबर हांकाआजीच्या अंगणात येत आणि माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत.

एके दुपारी लाल तोंडाचं पाखरू माझ्यावर उतरलं.

"श्टिगलित्स!" मुक्ता ओरडली.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हांकाआजी जर्मनमध्ये म्हणाली. "पण हा शब्द जर्मनांनी आम्हा स्लाव्हांकडून घेतला. आम्ही म्हणतो श्चिहलित्सा. पाखरू तसंच गातं ना!"

"काय म्हणाल्या गं त्या?" आजोबांनी विचारलं.

मुक्ता घुटमळली. सांगणारं दुसरं होतं कोण? "आजोबा, ती म्हणते... पक्षी आपलं नाव... आपणच सांगतो."

आजोबांचे डोळे भरून आले. "अगं, आपली टिटवीही तशीच! टिटिव टिटिव ओरडते. सांग त्यांना!"

मुक्ताने सांगितलं. मग कावळा झाला, चिमणी झाली. दिवेलागण होईतो तिघांच्या गप्पा संपेनात. माझ्यातले दाणे केव्हाच संपले होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे आजोबा पुण्याला परतले. हांकाआजी मुलाकडे राहायला गेली आणि जाताना मला मुक्ताच्या हाती देऊन गेली. जयंतची नोकरी बदलली तशी आम्ही वाल्डॉर्फला आलो. तिथे मी तळघरात पडून राहिलो. मुक्ताला शाळेतून सवडच होईना.

गेल्या वर्षी आजोबा वारल्याचा पुण्याहून फोन आला. मुक्ताने मला वर आणलं, पुसलं, अंगणात टांगलं. हिरवळीवर एक पाखरू शेपटी हलवत फिरत होतं.

"आई, याला आजोबा काय म्हणायचे गं?"

शोभनाला आठवेना. जयंतलाही नाही.

मित्रांनो, माझी फळी कुणीही ठोकून देईल. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचे शब्द मात्र आजच विचारा.