तारेने बांधलेली पाठ

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण नुसती खुर्ची म्हणू नका, त्याचा मला राग येतो. खाली-वर होणारी, चाकांवर फिरणारी आणि पाठ मागे झुकवता येणारी खुर्ची आहे मी. आता आयुष्यातला बराचसा काळ माझी पाठ मागे झुकलीच नाही, ही गोष्ट वेगळी. ती का झुकली नाही, तेच आज सांगणार आहे. एरवी दुसऱ्यांना बसवणे हे माझे काम. आज मीच बोलायला बसले आहे.

माझा जन्म चाकणजवळच्या एका कारखान्यात झाला. आधी लोखंडी सांगाडा, मग बैठक, मग जाळीची काळी पाठ आणि सर्वांत शेवटी बैठकीखाली एक जाडजूड स्प्रिंग. ती स्प्रिंग म्हणजे माझा जीव. तुम्ही तासन्‌तास ताठ बसता, तेव्हा अंगाचा वरचा सगळा भार बिचाऱ्या कंबरेवर येतो. पाठ जरा मागे टेकलीत की त्यातला वाटा मी उचलते. तुम्ही रेललात की मी तुमच्याबरोबर मागे जाते आणि उठू लागलात की मीच तुम्हाला हळूच पुढे आणते. माणसाची पाठ अशी मधूनमधून हलती राहिली, तर लांबलचक बैठकही सोसते. माझ्या पोटाखाली एक गोल मूठही आहे. अंगाने भारी माणूस असेल तर ती आवळायची, हलका असेल तर सैल करायची. हे सगळे लिहिलेला कागद माझ्यासोबत पेटीत होता. तो पेटीबरोबरच भंगारात गेला.

मला विकत घेतले धनेशशेठनी. त्यांच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. ही जागा म्हणजे पूर्वी त्यांच्या वडिलांचे, उद्धवरावांचे, बटाट्याचे शेत. उद्धवराव गावचे माजी सरपंच. अंगाने धिप्पाड, डोक्यावर कडक पांढरी टोपी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कारभार मुलाच्या हाती असला, तरी खंडेनवमीची पूजा मात्र अण्णांचीच. त्या दिवशी यंत्रे बंद असतात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात. अण्णांचा एक नेम होता. ज्याला कुंकू लावायचे, त्याला आधी हाताने हलवून बघायचे. चाक फिरले पाहिजे, दट्ट्या सरकला पाहिजे. "जे हालत न्हाई, त्याला कुंकू कशाला?" असे ते म्हणत.

मी आले ती नेमकी खंडेनवमीच्या तोंडावर. अंगावरचे प्लॅस्टिकही कोणी काढले नव्हते. नवी वस्तू मळू नये म्हणून ते ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. पूजेच्या दिवशी अण्णा माझ्यापाशी आले. आता खुर्ची हलवून बघायची म्हणजे काय करायचे? ते हातात पेढ्यांचे ताट घेऊन माझ्यावर बसले आणि मागे रेलले. माझी मूठ कोणी आवळलेलीच नव्हती. त्यात अण्णांचे वजन. मी सर्रकन मागे गेले, त्यांचे पाय वर आले, टोपी एकीकडे आणि पेढे सगळीकडे. सगळे कामगार हसले. धनेशशेठसुद्धा तोंड फिरवून हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण अण्णांनी भीतीने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

"आरं, पाडती का काय ही मला?" अण्णा उठत म्हणाले. "गोरक्ष, बांधून टाक हिला. कामाच्या जागी मानसानं ताठ बसावं. लोळायला काय घरी बाज न्हाई व्हय?"

गोरक्ष हा कारखान्याचा फिटर. सांगितलेले काम तो चोख करतो, हेच माझे दुर्दैव. त्याने मला उलटी केली, माझ्या पाठीचा दांडा बैठकीच्या सांगाड्याला धरून त्याभोवती जाड तार गुंडाळली आणि पकडीने पिळे देत आवळली. मग मला सरळ करून डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करायच्या केबिनमध्ये नेऊन ठेवले. झाले. कोण कधी खुर्चीच्या खाली वाकून बघते? वर्षभरात सगळे ते विसरून गेले.

मित्रांनो, कोंडले जाणे म्हणजे काय ते मला विचारा. खोलीत कोंडलेला माणूस दार तरी वाजवतो. मला दारही नव्हते. कोणी रेलू लागले की माझी स्प्रिंग आतल्या आत धडपडे, तार करकचून अडवी आणि बसणाऱ्याला वाटे की आपण भिंतीला टेकलो. आपले काम आपल्याला येते आणि ते करता येत नाही, यासारखे दुःख नाही.

पुढे त्या केबिनमध्ये वर्षाराणी आली. ती मूळची लातूरकडची, राहायला पिंपळे गुरवला. आधी ती याच कारखान्यात पॅकिंगला उभी असे. सुट्टीच्या दिवशी क्लासला जाऊन ती कॉम्प्युटर शिकली आणि डिस्पॅचचे टेबल तिने स्वतःच्या जिद्दीवर मिळवले. माझ्यावर पहिल्यांदा बसली, तेव्हा तिने दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि उगीचच एक गोल चक्कर घेतली. अंगावरचे फाटके प्लॅस्टिकही तिनेच ओढून काढले. त्या दिवसापासून मी तिची झाले.

तिचे काम बसून करायचे. ट्रक लागला की मालाचे चलन काढा, ड्रायव्हरला फोन करा, माल कमी भरला तर आत कारखान्यात ओरडा. ओव्हरटाइम असला की डबासुद्धा टेबलावरच. हळूहळू तिची कंबर दुखू लागली. तिने मलम चोळले, पट्टा बांधला, जुन्या साडीची घडी करून पाठीशी ठेवली. पाठ टेकवावी तर मी दगडासारखी ताठ. शेवटी ती माझ्या काठावर पुढे सरकून, एक हात कंबरेवर ठेवून काम करू लागली. तिच्या पाठीत आणि माझ्या पाठीत वीतभर अंतर असे आणि ते अंतर मला ओलांडता येत नसे. मी किती तळमळले, ते कोणाला सांगू?

तिच्या हातून दोनदा चलनांची अदलाबदल झाली. दुखण्यात लक्ष लागत नव्हते. धनेशशेठ वाईट माणूस नाहीत, पण त्यांनाही गिऱ्हाइकाचे ऐकून घ्यावे लागले. ते केबिनमध्ये आले. ते येताना दिसले, की वर्षाराणी कितीही दुखत असले तरी ताठ होई.

"ताई, तुमचं दुखणं बघवत नाही आणि डिस्पॅच तर थांबवता येत नाही," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर बदली माणूस बघतो. तुम्ही आराम करा."

"थोडं थांबता का, सर? कमी व्हायलंय आता," ती म्हणाली.

कमी होत नव्हते. ते शेठना दिसत होते आणि मला तर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते. शेठ गेल्यावर तिने टेबलाच्या काठावर बोटे फिरवली. पॅकिंगला परत उभे राहणे आता तिला झेपणार नव्हते. म्हणजे टेबल गेले की कारखानाच सुटणार.

मग खंडेनवमी आली. दर वर्षी आपल्या टेबलाची पूजा वर्षाराणी स्वतःच करी. अण्णा आता थकले होते; ते दारातूनच अक्षता टाकून पुढे जात. या वेळी तिने त्यांना थांबवले.

"अण्णा, यंदा माझ्या टेबलाला तुमच्या हातानं कुंकू लावा. पुढच्या साली मी नसंन."

अण्णा आत आले. नेम तोच. आधी त्यांनी फोन उचलून ठेवला, कॉम्प्युटरची कळ दाबून पाहिली, ड्रॉवर ओढला. मग माझ्या पाठीवर तळहात ठेवून मागे ढकलले. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"ही हालंना का?"

"हलत नसती ती, अण्णा. आधीपासून अशीच हाय," वर्षाराणी म्हणाली.

"गोरक्ष, बघ रं काय अडाकलंय."

गोरक्षने मला उलटी केली. वाकून पाहिले आणि तसाच वाकून राहिला.

"काय हाय?" अण्णांनी विचारले.

"तार हाय, अण्णा."

"कुनी बांधली?"

गोरक्षने आपल्या चपलांकडे पाहिले. "मीच बांधली. तुमी सांगितल्यावरनं. पेढं सांडलं हुतं, त्या साली."

अण्णांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. वर्षाराणी माझ्या पोटाखालच्या त्या गंजक्या तारेकडे एकटक पाहत होती.

"म्हणजे ही मागं जात व्हती?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, माझीच पाठ कुचकामी हाय."

ते ऐकून मला रडू आले, मित्रांनो. खुर्च्यांना रडता येत नाही, पण आले. इतके दिवस मला वाटत होते की बांधलेली मी एकटीच आहे.

"पक्कड आन," अण्णा म्हणाले. तार त्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. गंजलेले पिळे सुटेनात, तरी पक्कड त्यांनी गोरक्षला दिली नाही. मग गोरक्षने तेल सोडले आणि माझी मूठ वर्षाराणीच्या वजनाच्या बेताने आवळली.

ती बसली. आता मीच घाबरले. एवढी वर्षे आवळून ठेवलेली स्प्रिंग चालेल का? पुन्हा सर्रकन गेले तर यावेळी तार नाही, थेट भंगार. तिने डोळे मिटून पाठ मागे सोडली. मी एकदा मोठ्याने करकरले आणि तिच्याबरोबर सावकाश मागे गेले. तिचा भार माझ्यावर आला. तिने एवढा मोठा श्वास सोडला, की अण्णांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. मग त्यांनी मला कुंकू लावले.

दुखणे काही एका दिवसात गेले नाही. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करी, मध्येच उठून गेटपर्यंत चालून येई. पण पाठ टेकायला मी होते, आणि चलनांची अदलाबदल थांबली. एकच गोष्ट मला सलत होती. धनेशशेठांची सावली काचेवर पडली, की ती झटकन पुढे होऊन ताठ बसे. माझी तार पकडीने तुटली होती. तिची कुठे बांधली आहे, ते मला सापडत नव्हते.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ती मागे रेलून फोनवर ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. दार उघडून शेठ आत आले.

"ताई, तो बदली माणूस उद्या भेटायला येतोय. काय सांगू त्याला?"

तिचे खांदे सवयीने पुढे सरसावले. भार माझ्यावरून उचलला गेला, तसे माझे काळीज हलले. ती क्षणभर तशीच अधांतरी राहिली. मग तिचा भार परत माझ्यावर आला, सगळाच्या सगळा.

"त्यांना सांगा सर," ती टेकूनच म्हणाली, "ही जागा रिकामी न्हाई."

शेठनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मान डोलावली आणि दार ओढून घेतले.

आता माझी जाळी ढिली झाली आहे आणि एक चाक कुरकुरते. त्याची मला खंत नाही. मित्रांनो, टेकणे म्हणजे आळस नव्हे, एवढे ध्यानात ठेवा. तुमचे आईवडील दिवसभर जिच्यावर बसून काम करतात, तिच्या खाली आज एकदा वाकून बघा. तिची मूठ फिरवा, पाठ अडवणारा खटका लावलेला असेल तर तो सोडा. आणि घरी आल्यावर तेही ताठच बसले असतील, तर त्यांना सांगा, आता टेका.