डाव्या खांद्याची फट

फ्रेमवरची दोन्ही घरं रिकामी होती.

तिने फ्रेम खिडकीकडे धरून पुन्हा पाहिली. प्लास्टिकच्या काड्यांच्या या चौकटीला रोबोचे भाग लटकलेले असतात. ते कटरने कापून घ्यायचे, घासायचे आणि पुस्तिकेत दाखवलंय तसे जोडायचे. सी फ्रेम, अठरा नंबर म्हणजे खांद्याच्या सांध्यात बसणारं करडं कडं, आकाराने मसुराएवढं. फ्रेमवर अशी दोन होती, एक डाव्या खांद्याचं आणि एक उजव्याचं. डावा हात दहा दिवसांपूर्वी पुरा झाला होता आणि उजवा आज घ्यायचा होता. म्हणजे एक घर रिकामं आणि एक भरलेलं असायला हवं होतं.

कापलेले भाग ती बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवत असे, एका खणात एक. चौदा खणांत चौदा भाग होते, पण त्यांत अठरा नंबर नव्हता.

खाली चटईवर ठकू बसली होती. ठकू तेरा महिन्यांची, आणि तिचं तोंड हलत होतं.

ती टेबलावरून उठली कधी आणि लेकीच्या तोंडात बोट घातलं कधी, हे तिला नंतर आठवेना. बोटाला बिस्किटाचा लगदा लागला. ठकूला हा नवा खेळ वाटला, तिने चार दातांनी बोट चावलं आणि हसली. मग तिला उचकी लागली.

"आई," तिने आत हाक मारली, "ठकूला बिस्किट कुणी दिलं?"

"मी दिलं," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "का, तेही मोजून द्यायचं का आता?"

ही मोजायची गोष्ट घरात सगळ्यांनाच पाठ होती. रोबोच्या किटची परीक्षणं ती एका साइटवर लिहायची, आणि तिथे तिला फुटपट्टी म्हणत. इतर परीक्षक 'जोड छान बसतात' असं लिहून मोकळे होत. ती नवऱ्याच्या पेटीतलं फिलर गेज वापरायची. पोलादाची पातळ पाती असतात त्यात, प्रत्येकावर जाडी कोरलेली. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा, त्याच्याकडे तशी तीन होती. कुठलं पातं फटीत जातं आणि कुठलं अडतं ते बघून ती आकडा द्यायची. लोक तो आकडा वाचून किट घ्यायचे किंवा सोडून द्यायचे.

याच किटच्या परीक्षणाचा पहिला भाग कालच साइटवर आला होता, धड आणि डावा हात. तिने लिहिलं होतं की एवढ्या बारकाईने केलेल्या किटला डाव्या खांद्याशी सहा दशांश मिलिमीटरची फट राहावी, ही कंपनीच्या साच्याची ढिलाई आहे. खाली बेचाळीस जणांनी मतं दिली होती. 'सांधेदुखी' या नावाने लिहिणाऱ्या एकाने म्हटलं होतं, माझ्याही किटला अगदी तेवढीच फट आहे, आधी माझ्या लक्षात आली नव्हती.

आज मात्र तिला आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिने व्हॅक्यूमच्या तोंडावर नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला. या छंदातली माणसं हरवलेला भाग असाच शोधतात, हवा आत जाते आणि भाग मोज्याला चिकटून राहतो. तिने टेबलाखाली फिरवला, चटईवर, कपाटामागे, दाराच्या फटीत. मोज्यावर प्लास्टिकचे तीन कपचे आले, एक टाचणी, लाहीचा अर्धा दाणा आणि गेल्या वर्षी हरवलेली तिची कानातली कुडी. कडं आलं नाही.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय हरवलं?"

तिने सांगितलं. पुस्तिकेत कड्याचं चित्र होतं तेही दाखवलं.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ठकूकडे पाहिलं. ठकू व्हॅक्यूमच्या नळीशी बोलत होती. "पोर तर ठणठणीत दिसतंय."

"दिसतंय. पण आत काय असेल ते कळत नाही ना."

"मी चाळीस वर्षं शर्ट शिवले. घरभर टाचण्या, हूक, बटणं. तुझ्या नवऱ्याने एवढा असताना बटण गिळलं होतं. तिसऱ्या दिवशी निघालं."

"मग?"

"मग काय, चार भोकांचं चांगलं बटण होतं. उकळून परत शर्टाला लावलं." त्यांनी ठकूला नळीपासून उचललं. "चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. तुझा जीव इथे था‍ऱ्यावर राहायचा नाही, आणि माझाही."

मुलांच्या डॉक्टर रस्त्याच्या टोकाला, औषधाच्या दुकानाच्या वर बसायच्या. जिना अरुंद होता. वर सहा खुर्च्या, एक वजनकाटा आणि भिंतीवर उंची मोजायचा जिराफ. डॉक्टरांनी ठकूची छाती तपासली, घसा पाहिला, पोट दाबलं. ठकूने त्यांची नळी ओढली.

"खोकला? धाप? लाळ जास्त गळतेय?"

"उचकी लागली होती."

"उचकी मलाही लागते. गिळताना पाहिलंत?"

"नाही."

"म्हणजे ते हरवलंय, एवढंच नक्की."

"एक्स-रेत दिसेल ना?"

"प्लास्टिक बहुतेक दिसत नाही. उगाच पोरीला आडवं धरून रडवायचं." त्यांनी पुस्तिकेतलं चित्र पाहिलं. "हे चित्र मोठं करून काढलेलं दिसतंय. खरं केवढं आहे?"

तिने बोटांनी दाखवलं. मग बोटं जवळ आणली, मग थोडी लांब केली. किती जाड, किती रुंद, कडेला धार आहे का, हे तिला सांगता येईना. फटींचे आकडे तिच्या जिभेवर असत, पण हे कडं तिने कधी मोजलंच नव्हतं.

"जोडीचं दुसरं असेल की," डॉक्टर म्हणाल्या. "ते आणा. पोटात गेलं असेल आणि गुळगुळीत असेल तर नुसती वाट बघू, दोन-तीन दिवस लंगोटावर नजर ठेवायची. धारदार असलं तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवते, ते दुर्बीण घालून बघतील. त्यासाठी तिला भूल द्यावी लागेल. म्हणून आधी तुकडा बघू द्या. मी सहापर्यंत आहे."

"दुसरं आत आहे. चिकटवलेलं."

"मग काढा," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

भूल हा शब्द घेऊन ती जिना उतरली. तिने ठकूला इतकं घट्ट धरलं होतं की ठकूच कुरकुरली.

"दे माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "तू रस्ता बघ."

घरी नवरा आलेला होता, बूट अजून पायातच. फोनवर त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं. त्याने ठकूला उचलून कानाशी धरलं, बंद पडलेल्या लिफ्टची मोटर ऐकावी तसं.

"आवाज तर बरोबर आहे," तो म्हणाला.

ती हसली नाही. साडेचार वाजले होते. तिने टेबलावरचा दिवा लावला आणि रोबो समोर घेतला. धड, डोकं, एक हात. उंची पुरी झाली की वीतभर भरली असती. कटरमध्ये नवं पातं घातलं.

डाव्या खांद्यावरचं कवच दोन अर्ध्या भागांचं होतं. किट नुसतं दाबून बसणारं, गोंदाची गरज नाही, पण मग दोन भागांमधली रेघ दिसते. ती रेघ तिला चालत नसे. तिने भाग प्लास्टिक जोडायच्या सिमेंटने चिकटवले होते, दोन दिवस वाळू दिले होते, चार प्रकारच्या पॉलिश पेपरने घासले होते, वरून रंगाचा हात दिला होता. आता पातं कुठे लावायचं तेच कळेना. तिने दिवा वाकवला, नख फिरवून पाहिलं. रेघ कुठेच नव्हती.

"काय झालं?"

"जोड सापडत नाही."

"तूच केलास ना?"

"म्हणूनच."

शेवटी तिने फोनवर स्वतःचंच परीक्षण उघडलं. चौथ्या फोटोत रंगाआधीचा खांदा होता, रेघेसकट. खाली तिने लिहिलं होतं, 'रेघ अशी घालवा की तुमची तुम्हालाही सापडू नये.' फोटो शेजारी ठेवून तिने पात्याचं टोक टेकवलं आणि ओढलं. एकदा, दोनदा, सात-आठ वेळा. पांढरी भुकटी पडत गेली.

"मी धरतो," नवरा म्हणाला. त्याने रोबोला दोन्ही हातांत घेतलं. त्याच्या बोटांत ग्रीसच्या रेघा होत्या, एरवी तिने त्याला टेबलाजवळही येऊ दिलं नसतं. तिने पातं आत घालून पिळलं. कवच फुटलं, दोन नव्हे, तीन तुकड्यांत. एक तुकडा उडून सासूबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी तो ठकूच्या आधी उचलला आणि मुठीत ठेवला.

आतला सांधा उघडा पडला. करड्या वाटीत करडं कडं, वाटीशी इतकं एकरंग की दिवा तिरपा केल्याशिवाय दिसत नव्हतं. तिने चिमट्याने ते उचललं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. कड गुळगुळीत होती, धार नव्हती. तिने श्वास सोडला.

मग ते डॉक्टरांकडे न्यायच्या आधी, सवयीने, वाटीत पुन्हा पाहिलं.

वाटीत कडं होतं.

तिने तेही उचललं आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

"ही दोन आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे पोरीच्या पोटात बिस्किटच आहे."

"हो, आई."

नवरा खाली बसला आणि आता कुठे बूट काढायला लागला. ठकू त्याच्या बुटाच्या नाडीवर झेपावली.

काय झालं असेल ते तिला हळूहळू दिसायला लागलं. तिच्या कामाला एक शिस्त होती. भाग कापायचा, घासायचा, बसवायचा, आणि मग पुस्तिकेत त्या नंबरावर पेन्सिलने बरोबरची खूण करायची. खूण नाही तर भाग बसलेला नाही, असं ती वाचकांनाही सांगत आली होती. दोन आठवड्यांपूर्वी एका दुपारी तिने कडं बसवलं आणि ठकू झोपेतून उठून रडली. पेन्सिल ठेवून ती गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा पुस्तिकेत खूण नव्हती. वाटीत वाकून बघायचं किंवा फ्रेमवरची घरं मोजायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने दुसरं कडं कापलं, घासलं, बसवलं आणि खूण केली.

तिने गेजमधलं एक पातं कड्याशेजारी कागदावर ठेवलं आणि दोन्हीवरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही, जाडी एकच. पात्यावर सहा दशांश कोरलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. "सापडलं. दोन्ही सापडली."

"कुठे?"

"खांद्यात."

"कुणाच्या?"

"रोबोच्या."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "मग आता काही विचारायचंय?"

ठकूची उचकी कधीच थांबली होती. "नाही," ती म्हणाली, आणि तरीही फोन थोडा वेळ कानालाच धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी, ठकू झोपल्यावर, तिने परीक्षणाच्या पहिल्या भागाच्या वर चार ओळी घातल्या. डाव्या खांद्याची फट किटमधली नाही. माझ्या हातून तिथे दोन कडी बसली होती. एकच ठेवल्यावर सर्वांत पातळ पातंही आत जात नाही. कंपनीच्या साच्याबद्दल लिहिलेलं वाक्य मागे घेते. खाली फुटलेल्या खांद्याचा फोटो लावला, तिन्ही तुकड्यांसकट. खूण करण्याबद्दलचा जुना सल्लाही बदलला. खूण नसेल तर आधी आत बघा, असं लिहिलं. ठकूबद्दल, जिराफाबद्दल, भूल या शब्दाबद्दल तिने काही लिहिलं नाही. तो त्या साइटचा विषय नव्हता.

तासाभरात सांधेदुखीचं मत आलं. त्याने आपला खांदा पुन्हा नीट पाहिला होता. फट नव्हती.

ते वाचून नवरा बराच वेळ हसत होता. "तुझ्या शब्दावर त्याला फट दिसली आणि तुझ्याच शब्दावर बुजली. अशी माणसं लिफ्टला मिळायला हवीत."

दुसरं कडं तिने उजव्या खांद्यात बसवलं. आधी वाटीत बघितलं, मग बसवलं, मग तिथल्या तिथे खूण केली. बर्फाच्या ट्रेला घट्ट झाकण आणलं. टेबल आतल्या खोलीत हलवलं, दाराला वर कडी लावली. डाव्या खांद्याचे तीन तुकडे परत चिकटवले खरे, पण घासले नाहीत. जोडाच्या दोन रेघा तशाच दिसत राहिल्या.

दोन्ही कडी रोबोच्या आत आहेत, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही पुढचे तीन दिवस ठकूचा प्रत्येक लंगोट ती खिडकीपाशी, उजेडात, नीट उघडून पाहत होती.

"काय शोधतेस गं?" तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

सासूबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर घेतला आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सरक," त्या म्हणाल्या. "मलाही बघू दे."