आठ पोत्यांचा पट्टा

योव्नाला या कामात दमडी मिळणार नव्हती. मेलेल्या भावाच्या बायकोकडून पट्टा बसवण्याची मजुरी घेतली असती, तर गावानं त्याच्या शेडमधली कॉफी प्यायची सोडली असती. तरी रिस्तेनची बर्फगाडी दुरुस्तीला येणार म्हटल्यावर त्यानं शेड झाडून काढली, शेगडीत बर्चची लाकडं रचली आणि वाळवलेल्या मांसाचा चांगला मोठा तुकडा टेबलावर काढून ठेवला. त्याला एक आकडा हवा होता.

रिस्तेनचे रेनडिअर किती, हे तो अकरा वर्षं हुंगत होता. आकडा लहान निघाला, तर ‘वहिनी, एवढ्याशासाठी कशाला हाडं झिजवता, माझ्या कळपात मिसळा’ असं म्हणता आलं असतं, आणि कळपामागोमाग भावाचं नदीकाठचं चराईचं रान अलगद पदरात पडलं असतं. पण नॉर्वेच्या उत्तर टोकाला, आमच्या फिनमार्कच्या पठारावर हा प्रश्न विचारत नाहीत. विचारणारा एक तर पर्यटक असतो, नाहीतर निर्लज्ज. सांगायची वेळ आलीच, तर सांगणारा निम्मं सांगतो आणि ऐकणारा मनात दुप्पट करतो. हिशेब जुळतो, कुणाची अब्रूही जात नाही.

त्या वर्षी जानेवारीत पाऊस पडला. बर्फावर पाऊस आणि त्यावर पुन्हा गारठा. सगळ्या पठारावर काचेसारखं कवच चढलं. जनावरांनी आपटून आपटून खुरं रक्ताळून घेतली, पण खालचं दगडफूल काही तोंडी लागेना. मग रस्त्यापर्यंत ट्रकनं खाद्याची पोती आणायची आणि पुढे बर्फगाडीमागे स्लेज जोडून कळपापर्यंत ओढायची, हे रोजचं झालं. रिस्तेनची गाडी बावीस वर्षांची. पाचव्या दिवशी चाकांच्या जागी फिरणारा तिचा रबरी पट्टा फाटला, आतल्या तीन दांड्या तुटून बाहेर आल्या, आणि पोटाखालची प्लेट कवचाच्या धारेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली.

योव्नाच्या शेडमध्ये त्या गाडीला चालतील असे दोन पट्टे टांगलेले होते. एक आखूड दातांचा, खिळे ठोकलेला. दुसरा बोटभर उंच दातांचा, जडशीळ.

"वहिनी, एक विचारायचं होतं," योव्ना पाना पुसत म्हणाला. "एका खेपेला पोती किती ओढता?"

शेगडीजवळ म्हातारे हेंदरातकाका बसले होते. ते त्या शेडमध्ये कॉफीच्या किटलीइतकेच कायमचे. त्यांनी मांसाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि तोंडाशी नेऊन तिथंच थांबवला. एका पोत्यावर दिवसाला किती तोंडं जगतात, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. पोती सांगितली की कळप सांगितला.

"तुला कशाला?" रिस्तेन म्हणाली.

"मला नाही हो, पट्ट्याला. हलकं ओझं असेल तर खिळ्यांचा, जड असेल तर उंच दातांचा. मागं काय येतंय ते पट्ट्याला कळायला नको?"

"फार चौकस पट्टा आहे की," हेंदरातकाका म्हणाले. "तुमच्याच घरातला दिसतो."

तोंडावर फेकायला ‘चार’ हा आकडा रिस्तेनच्या जिभेवर तयार होता. पण गेल्याच हिवाळ्यात तिच्या मावसभावानं शहरातल्या दुरुस्तीवाल्याला असाच निम्मा आकडा सांगितला होता, त्यानं तो खराच धरला आणि मावसभावाचा पट्टा तळ्याच्या मधोमध तुटला होता. तिच्या जनावरांच्या बरगड्या आता लांबूनही मोजता येत होत्या.

"आठ," ती म्हणाली. भर बाजारात अंगावरचं लुगडं सुटावं, तसं तिला झालं.

"आठ," योव्नानं गंभीरपणे मान डोलावली आणि पाठ फिरवली. पाठमोऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही, ही त्याची सोय झाली.

तिसऱ्या सकाळी गाडी तयार होती. काम चोख होतं, हे शत्रूनंही कबूल केलं असतं. उंच दात वर घासू नयेत म्हणून त्यानं आतलं दंतचाक लहान घातलं होतं, ताण बोटानं दाबून मोजला होता, आणि पोटाखाली मोठ्या गाडीची जाड प्लेट कापून रिव्हेट मारून घट्ट बसवली होती, कुठं फट म्हणून नाही.

"उंच दातांचा?" रिस्तेनच्या कपाळावर आठी पडली.

"तुमच्या ओझ्याला हाच."

रस्त्यावर ट्रक उभा होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. ती आठी तशीच घेऊन ती निघाली.

तळ्यावर पोचेपर्यंत तिला कळून चुकलं. आठ पोत्यांच्या ओझ्यानं ते दात कवचात रुतेनात. गाडी दातांच्या टोकांवर उभी राहून नाचत होती. खिळ्यांचा पट्टा बर्फाचा चुरा वर उडवतो, आणि पट्टा ज्या रुळांवरून घसरतो त्यांवरच्या प्लॅस्टिकच्या फिती त्या चुऱ्यानंच थंड राहतात. इथं चुरा म्हणून उडत नव्हता. शिवाय पोटाखालून हवा जायला त्या घट्ट प्लेटनं जागा ठेवली नव्हती. आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, मग इंजिनाचा. फिती वितळून पट्ट्याला चिकटल्या आणि गाडी जागच्या जागी बसली. कळप अजून चौदा किलोमीटर पुढे होता.

रिस्तेननं एक पोतं फोडलं, पिशवीत मावेल तेवढं भरलं, उरलेलं तिथंच टाकून स्कीवर निघाली. एवढंसं खाद्य एवढ्या तोंडांना काय पुरणार. बाकीची पोती शेजारच्या कळपवाल्यानं आपलं काम संपवून नेऊन दिली, तीही दोन दिवसांनी, आणि परतताना तिची बंद गाडी ओढून योव्नाच्या शेडबाहेर आणून सोडली. तोवर भुकेला कळप नदीकडे पांगला होता. पुढे होती काळी, तिची घंटावाली मादी. वसंतात समुद्राकडे निघताना सगळा कळप जिच्या घंटेमागे चालायचा, तीच. नदीच्या उघड्या बर्फावर तिचे पाय फाकले आणि तिला उठता आलं नाही. पोटुशी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिस्तेन शेडमध्ये शिरली, ती दार लोटूनच. वितळलेल्या फितींचा गोळा तिनं टेबलावर आपटला आणि त्यावर घंटा.

"उंच दातांचा का घातलास?"

योव्नानं घंटा ओळखली. त्याचा चेहरा उतरला, पण जीभ उतरली नाही. "सोळा पोत्यांना तोच लागतो, वहिनी."

"सोळा? सोळा कुठून आली?"

"आता तुम्ही आठ म्हणालात..."

"आठच म्हणाले!"

"म्हणजे सोळा. आठ म्हटलं की सोळाच असतात. काका, तुम्हीच सांगा."

"मला मध्ये ओढू नकोस," हेंदरातकाका कपात बघत म्हणाले. "मी पण सोळाच धरली होती."

"अरे, खरं सांगितलं होतं मी!" रिस्तेन असं ओरडली, की टांगलेले पाने किणकिणले. "जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं! जनावरं मरू नयेत म्हणून लाज सोडून सांगितलं, आणि तू त्याला दोननं गुणलंस? आठ म्हणजे आठ! तळ्यावर जा, स्लेजवर माझ्या दोरांचे ठसे आहेत, मोजून ये!"

आपण काय बोलून गेलो, ते तिला ओरडून झाल्यावर कळलं. आता आकडा दोनदा सांगून झाला होता, पुरावा देऊन. योव्नाच्या डोळ्यांत क्षणभर गुणाकार होताना तिनं पाहिला, आणि तो पाहून तिच्या अंगाचा भडका उडाला.

"झाला हिशेब?" ती म्हणाली. "आता ‘माझ्यात मिसळा’ म्हणणार ना? म्हण. तोंड उघड, ही घंटा घशात घालते."

"मी तसं..."

"अकरा वर्षं हुंगतोयस, मला काय वास येत नाही? बोल, तुझी किती?"

"वहिनी, असं विचारतात का?"

"तू विचारलंस! पट्ट्याच्या तोंडून विचारलंस. मी फितींच्या तोंडून विचारते. पोती किती?"

योव्नानं काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"पाच," तो म्हणाला.

"म्हणजे दहा."

"पाच," त्याचा आवाज चिरकला. "मागं रिकामी पोती बांधून ठेवलीत, पाच-पाचाचे गठ्ठे. बघून या."

ती खरंच बघून आली. गठ्ठे सोडून मोजले. परत आली, तेव्हा योव्ना खाली मान घालून उभा होता. नवीकोरी गाडी, शेड, आणि पाच पोती. खरं तर कुणाचा कळप कुणाच्या कळपात मिसळायला हवा होता, हे एकदम सगळ्यांना दिसलं. तिला त्याची कीव येऊ लागली, म्हणून तिनं ती दाबून टाकली. काळी मेली होती.

"खिळ्यांचा काढ," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. आणि तो बसेपर्यंत तुझी नवी गाडी माझी पोती नेईल."

"नवी आहे हो ती..."

"किल्ली."

त्यानं किल्ली दिली. पहिली खेप टाकून ती परत आली, तेव्हा तिच्या गाडीला नव्या फिती आणि खिळ्यांचा पट्टा चढलेला होता. पोटाखालच्या प्लेटला हवेसाठी भोकं तिनं स्वतः पाडली, ड्रिल त्याच्या हातात देईना. प्रत्येक भोकाला शिव्या घातल्या. काकांनी मोजल्या, भोकं बारा, शिव्या जास्त.

शेवटी हिशेब असा झाला. योव्नाला हवा होता तो आकडा मिळाला, त्यासाठी स्वतःचा द्यावा लागला, आणि रान होतं तिथंच राहिलं. रिस्तेनचं गुपित गेलं, कळपाला पुढे नेणारं जनावर गेलं, आणि राग तिनं कुणाला दिला नाही. तो घरी घेऊन गेली. बाहेर हा आकडा काकांच्या तोंडून फुटला नाही. त्यांनी तेवढ्यापुरती कॉफी फेडली.

घंटा टेबलावरच राहिली होती. वसंतात ती कुणाच्या गळ्यात बांधायची, हे रिस्तेननं ठरवलं नव्हतं. जी काळी पोत्यांच्या भानगडीत कधी नव्हतीच, तिनं पोटातल्या पिल्लासकट सगळ्याची किंमत भरली.