नऊ नंबरची खाट

उद्यानात बसलं तर नागरिक आणि आडवं झालं तर आरोपी, असा नगरपालिकेचा साधासरळ नियम होता. अंगाखाली चादर सापडली की त्याला मुक्काम म्हणायचं आणि सामान जप्त करायचं. पण नियम करणारी माणसं मनाने मऊ होती. रात्रनिवाऱ्यात खाट रिकामी असूनही जो बाहेर झोपेल त्यालाच शिक्षा, एवढी सवलत त्यांनी ठेवली होती.

टेलरमावशींना तिचा फायदा झाला नाही. राहती इमारत पाडल्यापासून त्या उद्यानाच्या शेडमध्ये झोपत आणि दिवसा फाटकापाशी बसून लोकांच्या बॅगांच्या चेनी बदलून देत. एका पहाटे नगरपालिकेच्या निरीक्षकांनी त्यांचं शिलाईचं हातमशीन उचलून नेलं.

"मला आत टाका हवं तर," मावशी आपल्या वकीलबाईंना म्हणाल्या, "पण मशीन सोडवा. त्याच्याशिवाय मी नुसती म्हातारी आहे."

सुनावणीच्या दिवशी मशीन पुरावा म्हणून टेबलावर होतं. त्यावर कुणीतरी पाण्याचा पेला ठेवला होता.

"गंजेल हो ते," मावशी पुटपुटल्या.

न्यायाधीशांनी पेला उचलायला लावला. त्या दिवसाचा तो पहिला आदेश.

निरीक्षकांनी छाती काढून सांगितलं, "त्या रात्री निवाऱ्यात नऊ नंबरची खाट रिकामी होती. बाईंना देऊ केली होती. पंचनाम्यात आहे."

वकीलबाईंनी आणखी पंचनाम्यांचा गठ्ठा पुढे केला. चौसष्ट आरोपी आणि प्रत्येक कागदावर खाट नंबर नऊ. त्यातले अकरा तर त्या एकाच रात्रीचे.

"अकरा जणांना एक खाट?" न्यायाधीशांनी विचारलं.

"प्रत्येकाला स्वतंत्रपणे देऊ केली होती, साहेब."

मग निवाऱ्याचे व्यवस्थापक आले. शर्टाची घडी अशी कडक, की बसताना त्यांनी आधी तिची सोय पाहिली.

"नऊ नंबर कधीपासून रिकामी आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"सात वर्षं," व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले. "ती तपासणीची खाट आहे. वरून कुणी पाहणीला आलं तर एक तरी खाट नीट दिसायला नको का? तिच्या चादरीला रोज मी स्वतः इस्त्री करतो."

"आणि तिच्यावर कुणी झोपायला आलं तर?"

"झोपायला?" व्यवस्थापकांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "सुरकुत्या पडतील ना बाई."

"या मावशी आल्या होत्या कधी?"

"दोनदा. दोन्ही वेळा जागा नाही म्हणून सांगितलं. अगदी नम्रपणे."

निरीक्षक व्यवस्थापकांकडे बघत राहिले. नगरपालिकेचे वकील कागदांत काहीतरी शोधू लागले. जे शोधत होते ते कागदांत नव्हतं.

न्यायाधीशांनी निकाल तिथेच दिला. नियम राहील. मात्र जिच्यावर कुणाला झोपू देत नाहीत ती खाट रिकामी नसते, ती शोभेची असते. निवाऱ्यात खरोखर जागा होईपर्यंत बाहेर झोपला म्हणून कुणाला शिक्षा करता येणार नाही. चौसष्टही प्रकरणं रद्द. मशीन आत्ता, इथेच परत करावं. आणि नऊ नंबर आजपासून माणसाला द्यावी.

मावशींनी मशीनवर चिकटवलेली पुराव्याची चिठ्ठी काढली, पदराने पेल्याचा गोल डाग पुसला आणि दांडा एकदा फिरवून पाहिला. खडखडाट कोर्टभर झाला. न्यायाधीश वाचता वाचता थांबले, मशीन थांबल्यावर पुढे वाचू लागले. मावशींनी सोडलेला श्वास मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

दुपारी व्यवस्थापक स्वतः त्यांना नऊ नंबरपर्यंत घेऊन गेले. चादर आरशासारखी होती. मावशींनी मशीन खाटेवर टेकवायला उचललं.

"खाली ठेवा, मावशी, खाली," व्यवस्थापक कळवळले. "तेल लागेल."

मावशींनी मशीन खाटेखाली सरकवलं, एक हात त्याच्या दांड्यावर ठेवला आणि चपला काढून सरळ आडव्या झाल्या.

व्यवस्थापक तिथेच उभे राहिले. पहिली सुरकुती खांद्यापाशी पडली, मग कमरेपाशी. पाच मिनिटांत मावशी घोरू लागल्या.

"वाटलं होतं तेवढं काही वाईट दिसत नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि इस्त्रीची वायर काढून ठेवायला गेले.